मारील अगर मारवील

चढाच्या मध्यावर टांग्याला जो हिसका बसला तो तसा काहीच नव्हता. मांडीवरच्या दप्तराची फीत सुटली, पगडी कपाळावर जराशी सरकली, एवढेच. असे हिसके देवासच्या रस्त्यांवर दिवसातून दहा वेळा बसतात आणि माणूस पगडी मागे सारून पुन्हा आपल्या विचारात शिरतो. परंतु त्या हिसक्याच्या आधी, अगदी पापणी लवावी इतक्या आधी, नीलकंठरावांच्या तोंडून एक शब्द निघून गेला होता, आणि आज बारा दिवस झाले तरी तो परत आत घेता येत नव्हता. ‘मार’, असे ते म्हणाले होते. मागच्या बैठकीवरून मान वळवून, टांगेवाल्या भेरूच्या पाठीला उद्देशून, हातातल्या घड्याळावरची नजर न काढता. तो शब्द मराठी होता की हिंदी, हेही त्यांना ठरविता येत नव्हते. दोन्ही भाषांत तो तसाच आहे, दोन्हींत आज्ञार्थी आहे, दोन्हींत एकवचनी आहे, आणि भेरूच्या माळवी कानालाही त्याचा उलगडा करून द्यावा लागत नाही. भेरूने चाबूक उलटा धरून दांडा घातला. घोडी, जिचे नाव रेशम होते हे नीलकंठरावांना पुढे फिर्यादीच्या कागदावरून कळले, दोन पावले चालली, तिसऱ्याला पुढच्या गुडघ्यांवर आली, आणि मग एखाद्याने दमून अंग टाकावे तशी कुशीवर कलंडली. निघतानाच भेरू म्हणाला होता, “साब, आज ईको पग दुखे हे. धीरे चलांगा.” तेही त्यांनी ऐकले होते. ऐकून ‘हूं’ म्हटले होते.

घाई कशाची होती, हे आठवले म्हणजे त्यांना आपल्याच बोटांची शिसारी येई. देवास हे गाव एक आणि राज्ये दोन; पूर्वी दोघा भावांत वाटणी झाली ती अशी की टेकडीवरची देवी तेवढी सामाईक राहिली, बाकी गल्ल्या, विहिरी आणि रस्ते थोरल्या आणि धाकट्या पातीत वाटले गेले. नीलकंठराव थोरल्या पातीचे मसुदेनवीस. दरबारातून जो कायदा, जो जाहीरनामा, जो खलिता बाहेर पडे, त्याची भाषा त्यांची असे. मुक्या जनावरांस क्रूरपणे वागविणाऱ्यांस जबर शिक्षा देणारा कायदा त्यांनी चार वर्षे झटून थोरल्या पातीत मंजूर करविला होता, आणि तो लागू होऊन महिना लोटतो न लोटतो तोच त्याचे हसे होऊ लागले होते; कारण थोरल्या पातीत उगारलेला चाबूक हद्दीचा दगड ओलांडून धाकट्या पातीत निवांतपणे खाली आणता येत होता. म्हणून त्या दिवशी ते धाकट्या पातीच्या दिवाणांकडे निघाले होते, हाच कायदा तेथेही व्हावा अशी विनंती घेऊन. दिवाणसाहेब साडेअकराला इंदुरास जाण्यासाठी निघणार होते. वेळ पुष्कळ होता. परंतु कायद्याची शुद्ध प्रत वाचताना असे आढळले की नक्कल करणाऱ्या लेखकाची नजर एका ‘मारील’वरून घसरून पुढे गेली आहे आणि ‘अगर मारवील’ हे शब्द गळले आहेत. लेखक म्हणाला, “हंसपद घालून वर लिहून देतो, रावसाहेब. काकदृष्टी लागेल ते ओळखायला.” हंसपद म्हणजे ओळीत सुटलेला शब्द वर लिहिला असता तो कोठे वाचावा हे दाखविणारे ते पाखराच्या पावलासारखे चिन्ह. नीलकंठराव म्हणाले होते, “दरबारी कागदावर हंसपद जात नाही.” आणि ते पान त्यांनी स्वतः, बोरू नव्याने तासून, आरंभापासून पुन्हा लिहिले होते. त्यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास रेशमच्या दुखऱ्या पायावर पडला. दिवाणसाहेब त्या दिवशी भेटले नाहीतच.

जे शब्द गळले होते ते साऱ्या कायद्याचे काळीज होते. ‘जो कोणी या पातीच्या हद्दीत कोणत्याही जनावरास निर्दयपणे मारील अगर मारवील, त्यास तीन महिन्यांहून कमी नाही इतकी कैद होईल.’ आधीचा नियम दोन रुपये दंडाचा होता. बैलाचे शिंग मोडले तरी तेवढेच आणि बैल मेला तरी तेवढेच. कौन्सिलात सरकारी वकील बळवंतराव यांनी तीन वेळा हरकत घेतली होती. बळवंतराव हे त्यांचे बाळपणापासूनचे स्नेही, गोरेपान, सुपारीने ओठ रंगलेले, आणि कशाचेही हसू करणारे. त्यांची पहिली हरकत ही, की ‘कमी नाही’ हे शब्द काढावेत, न्यायाधीशाला दयेस थोडी जागा असावी. नीलकंठरावांनी उत्तर दिले होते की दयेला जागा ठेवली की तेथे दया येत नाही, ओळख येते. दुसरी हरकत, की ‘मारवील’ हे प्रयोजक क्रियापद कोणालाही गोवील, “अहो, मी घाई कर म्हटले, तर मीही आत का, भिया?” नीलकंठरावांनी उत्तर दिले होते की भाषेने हे रूप निरर्थक निर्माण केलेले नाही, जो करतो आणि जो करवितो ह्यांत भाषेला भेद दिसला, तो कायद्याला का दिसू नये? मग तिसरी, की निदान धन्याच्या हुकुमावरून मारणाऱ्या चाकरास माफी असावी. त्यावर नीलकंठराव उभे राहिले होते. हुकुमाच्या पाठीमागे हात लपतो, ते म्हणाले होते, आणि हाताच्या पाठीमागे हुकूम; दोघांनाही मोकळ्यावर आणल्याखेरीज ते जनावर कोणी मारले हे कधीच कळणार नाही. सभेने हरकत फेटाळली होती. ते वाक्य त्यांना फार आवडले होते. घरी जाताना त्यांनी ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले होते, आणि दुसऱ्या वेळी ‘मोकळ्यावर’ ऐवजी ‘उजेडात’ हा शब्द अधिक बरा झाला असता असे त्यांना वाटले होते.

आज भेरूच्या खटल्याची सुनावणी होती. कायद्याखालचा पहिला खटला. नीलकंठराव साक्षीदार.

“भाजी तशीच राहिली,” अक्का म्हणाल्या. अक्का त्यांच्या थोरल्या बहीण, विसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाल्यापासून ह्याच घरात. त्या पाटासमोर भिंतीला टेकून बसत आणि जेवणाऱ्याच्या पानाकडे न पाहता पानातले सगळे पाहत.

“भूक नाही.”

“तुला काय झालं भूक नसायला? तुझी साक्ष आहे. शिक्षा त्याची आहे.”

नीलकंठराव ताकभातात बोटे फिरवीत राहिले.

“एक विचारू, नीलू? टांग्यात तू काही बोललास त्याला?”

“कोणाला?”

“माझ्या सासऱ्यांना!” अक्का म्हणाल्या. “त्या भेरूला, अजून कोणाला? तुझी घाई मी चाळीस वर्षं पाहते आहे. पाण्याचा गडू वेळेवर नाही आला तर तू गडूशी बोलतोस.” मग त्या म्हणाल्या, “लहानपणी खरं बोलायला तुला शिकवावं लागलं नव्हतं. विचारायचा अवकाश, की सांगत होतास. आज विचारते आहे तर ताकात बोटं बुडवून बसला आहेस.”

हे अक्का कधीच बोलल्या नव्हत्या. चाळीस वर्षे दोघांच्या मध्ये एक पडदा होता आणि त्याच्या अलीकडे उभे राहून दोघे सण, श्राद्धे आणि लोणची ह्यांविषयी बोलत आले होते. आज अक्कांनी नुसते बोट लावून तो बाजूला केला, आणि पलीकडे अमझेऱ्याचे अंगण जसेच्या तसे होते. वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, अमझेऱ्यास शिंदे सरकारचे कमाविसदार होते. त्यांनी आयुष्यात कोणावर हात उचलला नाही. ते असे सांगत आणि ते अक्षरशः खरे होते. मागीलदारी लाल मातीच्या तबेल्यात त्यांची स्वारीची घोडी बांधलेली असे. एकदा ते रिकिबीत पाय घालीत असता तिने त्यांचा खांदा दातांत धरला. अण्णांनी खांद्याला हळद लावून घेतली, संध्येला बसण्यासाठी सोवळे मागितले, आणि शिपाई दत्ताजी यास सांगितले, “हिला तीन दिवस पाणी दाखवू नका.” आवाज चढला नाही. आणि मग सात वर्षांच्या नीलूकडे वळून ते म्हणाले, “तू दारात बस. पाटीवर प्रहर मांड. कोणी पाणी दिले तर ध्यानात ठेव.” नीलू बसला. त्याला पाटीवर सरळ रेघ काढता येत असे आणि त्याचा त्याला अभिमान होता. पहिल्या दिवशी घोडी पाय आपटी. दुसऱ्या दिवशी ती आपटेनाशी झाली आणि भिंतीचा ओलसर चुना चाटू लागली. त्या चाटण्याचा खरखर आवाज नीलकंठरावांना पुढे कोठेही, भर सभेत, कोणी पाटीवर पेन्सिल ओढली की ऐकू येई. दुपारी बारा वर्षांची अक्का विहिरीवरून आली. तिचा पदर चिंब होता. तिने तो घोडीच्या ओठांत दिला, आणि घोडीने तो चोखला, बाळाने चोखावे तसा. मग ती पुन्हा गेली आणि पुन्हा पदर भिजवून आली. भावाकडे पाहून ती हसली. त्या हसण्यात त्याला विश्वासात घेतलेले होते. रात्रीच्या पानावर अण्णांनी विचारले, “काही विशेष?” आणि नीलू म्हणाला, “अक्काने पदर भिजवून पाजला. दोन वेळा.”

दोन वेळा. संख्याही त्याने सांगितली, कारण ती त्याला ठाऊक होती.

अण्णा रागावले नाहीत. अक्काला बोल लावला नाही. ते एवढेच म्हणाले, “मग मागचे दिवस धरता येणार नाहीत. उद्यापासून पुन्हा तीन मोजा.” आणि नीलूच्या पाठीवर हात ठेवून, “शाबास. घडले तसे सांगितलेस.” घोडीने नव्या मोजणीच्या दुसऱ्या दिवशी मान टाकली. अण्णांना वाईट वाटले. जनावर चांगले होते. नीलकंठरावांचे सारे गद्य, ज्याची इंदुरापासून धारेपर्यंत वाखाणणी होई, ज्यात एक शब्द अधिक नसे आणि एक उणा नसे, ते त्या एका ‘शाबास’मधून उगवले आहे, हे फक्त दोन माणसांना ठाऊक होते. ‘मारवील’ हे पद त्यांनी कायद्यात घातले ते अण्णांसाठी. अण्णांना वारून वीस वर्षे झाली होती. त्यांच्यापर्यंत हात पोहोचेल असा दुसरा शब्द त्यांच्यापाशी नव्हता. त्या पदाचा फास त्यांनी इतका नीट वळला होता, की तो कोणाच्या गळ्यात बसेल याचा विचारच त्यांच्या मनात आला नव्हता.

“तेव्हा एक शब्द खोटा बोलला असतास,” अक्का पान उचलता उचलता म्हणाल्या, “तर ती जगली असती.” आणि स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजात, “दही ठेवलंय दाराशी. हातावर घेऊन जा.”

न्यायकचेरी जवळच होती, तरी ते बाजारातून लांबच्या वाटेने गेले. त्यांना पायी जाताना पाहून टांग्यांच्या अड्ड्यावर बोलणे थांबले. एकजण उठून अदबीने मुजरा करता झाला, आणि ते पुढे जाताच मागे कोणीतरी हलकेच ‘च्यक् च्यक्’ केले, घोड्याला करतात तसे, आणि हशा पिकला. नीलकंठरावांनी मागे पाहिले नाही. त्यांच्या ध्यानात आले की ते रस्त्याच्या थोरल्या बाजूने, दुकानांच्या ओट्यांना अगदी लगटून चालले आहेत, जणू मधोमध कोठे खड्डा आहे.

कचेरीच्या पडवीत भेरू उकिडवा बसला होता. कमरेला दोरी, दोरीचे टोक शिपायाच्या हातात, आणि शिपाई दुसऱ्या हाताने तंबाखू मळीत होता. भेरूचे वय पन्नाशीचे, मिशा विटलेल्या. नीलकंठराव समोर उभे राहिले तसा तो उठू लागला. दोरी आखूड पडली, अर्ध्यात थांबला.

“साब, आपको कायदो तो घोडी से बी तेज भाग्यो,” तो म्हणाला. त्यात कडवटपणा नव्हता. सवारीला हसविण्यासाठी टांगेवाला जसे बोलतो तसे तो बोलला, आणि शिपाई खरोखरच हसला.

“भेरू, तू काय सांगणार आहेस आत?”

“जो हुवो वो.” भेरूने नाक पुसले. “मने मारी. म्हारी घोडी, म्हारो हाथ. दूसरो कुण मारेगो?”

“मी बोललो होतो,” नीलकंठराव म्हणाले. “मीच म्हटले होते, मार म्हणून.”

भेरूने त्यांच्याकडे पाहिले, आणि त्या दृष्टीत प्रथमच काहीतरी कठीण आले. “सवारी तो सब केवे हे, साब. सगळा केवे हे, मार, मार. पन हाथ तो म्हारो थो नी? आपका केवासूं मारी, असो बोलूं तो रेशम कंई केगी? के भेरू गाड़ी हाके ने मन दूसरो को?” मग तो खाली बसला आणि दोरीच्या गाठीशी चाळा करीत, वेगळ्याच स्वरात म्हणाला, “एक बात हे. घर पे ऊकी बछेरी हे, छे महिना की. म्हारा हाथ सिवा खावे नी. बारा दिन हुई गया. बाई केवे हे, पाणी पीवे हे, घास नी खावे. तीन महिना...” शिपायाने तंबाखू तोंडात टाकली.

पाणी पिते, घास खात नाही. नीलकंठराव खांबाला टेकले. मुक्या जनावरांच्या रक्षणार्थ केलेला कायदा एका जनावराला उपाशी मारणार होता, आणि त्याला मारणारा कोण, हे त्याच कायद्याच्या भाषेत लख्ख लिहिलेले होते.

बळवंतराव सुपारी चघळीत आले आणि त्यांना दंडाला धरून चिंचेखाली घेऊन गेले. “चेहरा कसला केलाय? जणू तुम्हालाच कमरेला दोरी. ऐका. मी सगळं जमवून ठेवलंय. पोलीस येईपर्यंत लोकांनी घोडी ओढून लिंबाखाली नेली होती, खरं ना? म्हणजे ती पडली कोठे, हे सांगणार तुम्ही. हद्दीचा दगड तिथून किती? चार हात? आठ हात? तुम्ही म्हणा, घोडी दगडाच्या पलीकडे होती. मारणं झालं धाकट्या पातीत. आपल्या कोर्टाला अधिकारच नाही. भेरू घरी, तुम्ही घरी, आणि धाकट्यांकडे कायदाच नाही, म्हणजे तेही कोणाला बोलवीत नाहीत. छोडा ना, यार! कोणाचं काय जातं?”

“ती अलीकडे होती.”

“मला ठाऊक आहे ती अलीकडे होती,” बळवंतराव म्हणाले. “मी इतिहास नाही विचारत, साक्ष विचारतोय.” आणि मग, हसू पुसून टाकून, बालपणीच्या आवाजात, “नीलकंठ, तू टांग्यात बसला होतास. शहरात कोणी विचारलेलं नाही अजून, टांगा का पळत होता. विचारू नये असं मला वाटतं. तुझं ते क्रियापद मला तुझ्यावर लावायला लावू नकोस.”

ते गेले. नीलकंठराव चिंचेच्या सावलीत उभे राहिले, आणि त्यांचे मन, जे आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतून वाटा शोधीत आले होते, ते स्वतःच्या वाक्यात शिरले आणि एकेक दार लावलेले पाहू लागले. खरे सांगावे, तर भेरू सुटत नाही. ‘अगर’ हा शब्द एकाला घेऊन दुसऱ्याला सोडीत नाही, आणि चाकराची माफी त्यांनी स्वतः उभे राहून पाडली होती. दया मागावी, तर न्यायाधीशाचे हात ‘कमी नाही’ने बांधलेले. गप्प राहावे, तर भेरू एकटा जातो आणि बछेरी मरते. राहिले बळवंतरावांचे खोटे. त्याने भेरू वाचतो. पण त्याच खोट्याने तेही वाचत होते, आणि येथे सारे अडत होते: जी दया करणाऱ्यालाच सावली देते ती दया की भय, हे ताडून पाहण्याचे माप त्यांच्यापाशी नव्हते. अक्का म्हणाल्या होत्या, एक शब्द खोटा बोलला असतास तर. पण सात वर्षांच्या नीलूला त्या खोट्यातून काही मिळणार नव्हते. ते त्याला निर्मळपणे बोलता आले असते. पन्नाशीच्या नीलकंठाला निर्मळ खोटेही उरले नव्हते. ते कलम पुन्हा वाचू लागले, मनातल्या मनात, पदच्छेद करीत, पाठशाळेतल्यासारखे. जो कोणी. या पातीच्या. हद्दीत. हद्दीत, हे पद कोणाकडे जाते? जनावराकडे नव्हे, तसे असते तर ‘हद्दीतील जनावरास’ असे लिहावे लागते. ते क्रियेकडे जाते. क्रिया दोन आहेत. मारणे घडते तेथे, जेथे दांडा अंगाला लागतो. आणि मारविणे?

मारविणे घडते तेथे, जेथे शब्द उच्चारला जातो.

टांग्यात घोडी पुढे असते. मागच्या बैठकीवरचा माणूस तिच्यापासून चार हात मागे असतो. चार हातांच्या मध्ये एक दगड सहज मावतो.

आत गर्दी होती. पहिला खटला म्हणून गावातले रिकामटेकडे आणि टांगेवाले दारापर्यंत दाटले होते. न्यायाधीश मोरोपंत ह्यांना ऐकू कमी येई, म्हणून ते कारकुनाच्या लिहिण्याकडे पाहत बसत. भेरूने विचारल्याबरोबर सांगितले, मने मारी. कोठे? चढ पे. दगडाच्या कोणत्या बाजूस? भेरूने नीलकंठरावांकडे पाहिले आणि डोके खाजविले. मग नीलकंठरावांना शपथ दिली गेली. त्यांनी घडले तसे सांगण्यास आरंभ केला: मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे, जनावराचा पुढचा डावा पाय आधीच दुखावलेला. आवाज स्वच्छ होता. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, घडले नव्हते ते त्यांनी तितक्याच स्वच्छ आवाजात सांगितले. “दांडा बसला तेव्हा घोडीचे चारही पाय हद्दीच्या दगडापलीकडे होते.”

“पन पत्थर तो...” भेरू पुढे सरसावला. दोरी ताणली गेली. त्याच्या तोंडावर खऱ्या माणसाचा गोंधळ होता, संख्या चुकली की होतो तो, आणि नीलकंठरावांनी तो चेहरा ओळखला. तो त्यांनी अमझेऱ्यास, पानावर बसलेला, आतून पाहिला होता. ते भेरूकडे बघत राहिले. विनवणीने नव्हे; नुसते बघत. आणि अगदी हळू, ओठांच्या हालचालीनेच, म्हणाले, “बछेरी.”

“तू गप रे,” बळवंतराव घाईने म्हणाले.

भेरूचे तोंड उघडे होते ते मिटले.

मोरोपंतांनी कान पुढे करून ते पुन्हा एकदा विचारून घेतले आणि सुस्कारा सोडला. त्यांनाही टांगेवाल्याला तीन महिने पाठविण्याची हौस नव्हती. हद्दीबाहेरचे प्रकरण; आरोपीस सोडण्यात यावे. दोरी सुटली. दाराशी गलका झाला, कोणी भेरूच्या डोक्यावर टोपी बसविली, आणि भेरू, एकदाही मागे न पाहता, गर्दीतून वाट काढून, चालता चालता पळू लागला. त्याची पावले पडवीवरून उतरून मातीत विरताना नीलकंठरावांनी ऐकली. मग ते म्हणाले, “माझी साक्ष पुरी झालेली नाही.”

बळवंतरावांची चघळणारी जीभ थांबली.

“घोडी पलीकडे होती. मी मागच्या बैठकीवर होतो. बैठक दगडाच्या अलीकडे होती, थोरल्या पातीत. तेथून मी ‘मार’ म्हणालो. घोडीस मी मारविले.”

मोरोपंतांनी कारकुनाकडे पाहिले, कारकुनाने बळवंतरावांकडे, बळवंतरावांनी आढ्याकडे. “रावसाहेबांचे मन फार कोवळे आहे,” मोरोपंत शेवटी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. “जनावर डोळ्यांदेखत गेले की माणसाला आपणच दोषी वाटतो. माझ्या मातुःश्रींचे असेच होते.” पुष्कळजण मान हलवू लागले. त्या माना हलण्यात केवढी माया होती, आणि केवढी भिंत. प्रत्येक हलणाऱ्या मानेबरोबर ती एकेक वीट चढत होती, आणि नीलकंठरावांना वाटले की आपण आता ह्या मायेतून मरेपर्यंत बाहेर पडू शकणार नाही, रस्त्याने जाऊ तेव्हा लोक म्हणतील, हेच ते कोवळ्या मनाचे, आणि अक्का पानाकडे न पाहता पान पाहत राहतील. कारकुनाने साक्षीचा कागद सहीसाठी पुढे सरकविला. अदबीने बोरू शाईत बुडवून हातात दिला. शेवटच्या ओळीवर त्याचे बोट सहज पडल्यासारखे होते. ‘...व घोडीस मारले.’

एवढेच. ‘मी’ नव्हता. ‘वि’ नव्हती. कागद सुंदर, एकटाकी, खाडाखोड नसलेला.

“करा सही,” बळवंतराव कानाशी म्हणाले. त्यांचा श्वास सुपारीचा होता. “नीलकंठ, मी हात जोडतो. बछेरी खाईल आता. पुरे झाले.”

नीलकंठरावांनी कारकुनाचे बोट हलकेच उचलून बाजूला ठेवले. त्यांना अण्णांची आठवण झाली, आणि शाबास म्हणणारा तो हात. आज पाठीवर काहीच नव्हते, आणि पाठ विलक्षण मोकळी, उघड्यावर पडल्यासारखी वाटत होती. ‘घोडीस’च्या पुढे, ओळीखाली, त्यांनी एक बारीक हंसपद काढले आणि वर लिहिले, ‘मी’.

“दरबारी कागदावर?” बळवंतराव पुटपुटले.

‘र’ आणि ‘ले’ यांच्या मध्ये जागा फार थोडी होती. नीलकंठरावांनी बोरूचे टोक दौतीच्या कडेला टिपून घेतले, म्हणजे शाई पसरू नये, मनगट कागदावर नीट टेकविले, आणि दुसरे हंसपद काढले.